मधलं मोकळं कापड

दीड वर्षात विक्रम आपणहून जे पहिलं वाक्य बोलला, ते तरवडाच्या एका डहाळीबद्दल होतं.

"बापू, ह्याच्यावर पाय नका देऊ."

नामदेवरावांचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. हैदराबादच्या जुन्या विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. बतुकम्माचा फुलांचा सण नुकताच होऊन गेला होता. सणासाठी बायकांनी तरवडाची पिवळी फुलं ओरबाडून नेली होती आणि उरलेल्या पाल्याचे ढीग रस्त्याच्या कडेला टाकून दिले होते. इकडे त्याला तंगेडू म्हणतात. फुलाला मान असतो, पाला झाडूवाल्यासाठी. विक्रम त्या ढिगापाशी उकिडवा बसला आणि एकेक डहाळी झटकून कापडी पिशवीत ठेवू लागला. बापाने पाय मागे घेतला आणि हात मागे बांधून उभा राहिला. काही बोललो तर हे थांबेल, अशी त्याला भीती वाटली.

विद्यानगरच्या घरी पोचल्यावर विक्रम आपल्या खोलीत गेला आणि नामदेवराव थेट स्वयंपाकघरात.

"बोलला," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"कोण?" सावित्रीबाई ज्वारीचं पीठ चाळत होत्या.

"विक्रम. आपल्या मनानं बोलला."

"काय म्हणाला?"

"पाय नका देऊ म्हणाला."

सावित्रीबाईंनी चाळणी खाली ठेवली. "बापाला म्हणाला? शाब्बास. मला लग्न झाल्यापासून म्हणायचं होतं, जमलं नाही." एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पीठ उडालं म्हणून कुरकुरल्या.

विक्रम सदतिसाव्या वर्षात होता. दीड वर्षापूर्वी एका दुपारी तो गच्चीबावलीच्या ऑफिसातून भर कामाच्या वेळी घरी आला आणि बुटांसकट पलंगावर आडवा झाला. बूट सावित्रीबाईंनी काढले. त्यानंतर नोकरी गेली, मग गाडी विकली, आणि विक्रम त्या पलंगाचा झाला. जेव म्हटलं तर जेवायचा, आंघोळ कर म्हटलं तर करायचा. घरात विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर द्यायचा, "हौ बापू."

हे उत्तर आजाराने आणलेलं नव्हतं. ते आधीपासूनच होतं, फक्त कुणाच्या कानाला खटकत नव्हतं. सिव्हिलचा डिप्लोमा कर, असं नामदेवराव म्हणाले, तेव्हा हौ बापू. ओळखीच्या कंत्राटदाराकडे शब्द टाकला, तेव्हा हौ बापू. भालकीची मुलगी पाहिली, पसंत केली, तारीख धरली, तेव्हाही तेच. ती मुलगी चार वर्षं राहिली. माहेरी परत जाताना सासूजवळ एवढंच म्हणाली, "आई, भाजी कुठली आणू विचारलं तरी म्हणायचे, बापूंना विचारू. मी नांदले कुणाजवळ, तेच मला कळलं नाही." सावित्रीबाईंनी हे नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं होतं. नामदेवरावांना त्यात सुनेचा उद्धटपणा दिसला होता.

काचीगुड्याच्या डॉक्टरीणबाई विक्रमला गोळ्या देत होत्या. गोळ्यांची बाटली आईवडिलांनी आपल्या ताब्यात ठेवावी, असं त्यांनी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून बाटली सावित्रीबाईंच्या कपाटात होती आणि किल्ली कमरेला. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताला काहीतरी काम द्या, ज्यात चूक-बरोबर असं काही नाही. तारनाक्याला एक मुलगी रविवारी गच्चीवर पानांचे छाप काढायला शिकवते, तिथे पाठवून बघा.

त्या मुलीचं नाव ईशा. पुण्याची. हैदराबादला कंप्युटरच्या नोकरीसाठी आली, पाच वर्षांनी ती सोडली आणि भाड्याच्या घराच्या गच्चीवर हा वर्ग सुरू केला. विक्रम एकटा जाणार नाही म्हणून नामदेवरावांनी स्वतःचंही नाव घातलं. पहिल्याच रविवारी ईशाने सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत ठेवायला लावले.

"पान तोडायच्या आधी झाडाजवळ दोन मिनिटं उभं राहायचं," ती म्हणाली. "मनातल्या मनात त्याला विचारायचं. शक्यतो गळलेलंच पान घ्यायचं."

"झाडाला विचारायचं?" नामदेवराव म्हणाले. "तेलुगूत की मराठीत?"

गच्चीवरची माणसं हसली. शेजारी बसलेल्या पद्मजा गारू, म्हणजे पद्मजाबाई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "उर्दूत विचारा. इकडची झाडं जुनी आहेत." ईशाही हसली. विक्रम हसला नाही, पण त्याने मान वर करून पाहिलं, हे नामदेवरावांनी टिपलं.

काम तसं साधं होतं. सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं. लोखंडाचे गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरवून केलेलं काळं पाणी एका तसराळ्यात घ्यायचं, त्यात पान बुडवायचं, निथळवायचं आणि कापडावर मांडायचं. मग कापड नळीवर घट्ट गुंडाळायचं, सुतळीने करकचून बांधायचं, दोन तास वाफेवर ठेवायचं आणि तसंच बंद राहू द्यायचं. हिरडा आणि लोखंड भेटले की पानाचा आकार कापडात उतरतो. कसा उतरेल, ते सोडेपर्यंत कळत नाही.

"आणि एक नियम," ईशा म्हणाली. "ज्याने गुंडाळी बांधली, त्यानेच ती सोडायची. दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही. आत जे काय आहे ते त्या माणसाचं."

नामदेवरावांना हा नियम मनापासून पटला. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. स्टेशनवर सिग्नलची यंत्रं असतात त्या रिले खोलीला दोन कुलुपं असतात, एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. एकट्याने ती खोली कुणी उघडायची नाही, कारण आतली एक तार हलली तर दूर कुठेतरी दोन गाड्या एकाच रुळावर येऊ शकतात. सबंध नोकरीत त्यांनी ती शिस्त मोडली नव्हती. परत जाताना रिक्षात ते विक्रमला म्हणाले, "पोरगी शिस्तीची आहे." विक्रम म्हणाला, "हौ बापू."

पहिल्या गुंडाळ्या पुढच्या रविवारी सुटल्या. नामदेवरावांनी निलगिरीची पानं समान अंतरावर उभी मांडली होती. ती सगळीच्या सगळी उतरली. "काका, टेप लावून मोजलीत का?" ईशाने विचारलं आणि कापड सगळ्यांना दाखवलं. विक्रमचं कापड मात्र जवळजवळ कोरं निघालं. पानं आधीच वाळली होती, किंवा कापडाला हिरडा नीट लागला नव्हता. एका कोपऱ्यात चहाच्या डागासारखं काहीतरी होतं.

"असं होतं," ईशा म्हणाली. "हेही सुंदर आहे. तुम्हाला काय दिसतंय?"

"कोरंच आलं," विक्रम म्हणाला. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि पुढचे चार दिवस उठला नाही. सावित्रीबाई रोज किल्ली चाचपून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी नामदेवरावांनी बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाकली. स्क्रू खिशात ठेवले.

म्हणून तरवडाच्या डहाळीवरून उठलेलं ते वाक्य त्या घरात एवढं मोठं होतं.

त्या दिवशी विक्रम जेवून झोपला नाही. त्याने हिरड्याचं कापड मागून घेतलं. मागून घेतलं, हे सावित्रीबाईंनी नंतर नवऱ्याला दोनदा सांगितलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्याने कापड ताणलं, डहाळ्यांची बारीक पानं एकेक खुडली आणि लोखंडाच्या पाण्यात बुडवून कापडाच्या कडेने मांडायला लागला. तरवडाचं पान नखाएवढं. त्याने एकामागे एक ओळ धरली. कोपरा आला की तो थांबायचा, दोन-तीन पानं फिरवून पाहायचा, मग वळण घ्यायचा. निथळलेलं काळं पाणी बोटांना लागत होतं.

नामदेवराव स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते.

"आत या नाहीतर बाहेर जा," सावित्रीबाई म्हणाल्या. "दारात खांबावानी उभारलाव."

"एकेक पान ठेवायला. बघ तरी."

"बघितलं. मी रांगोळी काढायला बसले की तुम्ही असं कधी उभारला नाहीत."

चारी कडा भरल्यावर विक्रम थांबला. मधे सगळं कापड मोकळं होतं. त्याने तळहात त्या मोकळ्या जागेवर ठेवला, थोडा वेळ ठेवून राहिला, आणि उचलला. मग नळी घेतली आणि गुंडाळायला लागला.

दमला, नामदेवरावांना वाटलं. अर्ध्यातच सोडलं. दहावीला बीजगणिताच्या पेपरात शेवटची दोन पानं कोरी सोडून हा पोरगा वेळेच्या आधी बाहेर आला होता, तेव्हा त्याचा चेहरा असाच होता, शांत आणि दूर. विक्रमने सुतळीच्या तीन गाठी मारल्या, एक मधे, दोन टोकांना. सैलसर.

"बापू, वाफेला लावताव का? दोन तास. मला गोळीची झोप यायली."

"हौ," नामदेवराव म्हणाले.

पोराने बापाला काम सांगितलं होतं. विक्रम आत गेला, दार लोटलं गेलं.

इडल्यांचं जुनं मोठं पातेलं सावित्रीबाईंनी ह्या कामाला दिलं होतं. नामदेवरावांनी त्यात पाणी घातलं, जाळी ठेवली, गॅस पेटवला आणि गुंडाळी हातात घेतली. हलकी होती. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं: कडेला मुंग्यांची रांग वाटावी एवढं, आणि मधे काही नाही. रविवारी सगळ्यांसमोर सुटेल. पद्मजा गारू मान वाकडी करून पाहतील. ईशा म्हणेल, हेही सुंदर आहे. विक्रम म्हणेल, कोरंच आलं. मग पुन्हा ती भिंत. ह्या वेळी चार दिवसांनी उठेल कशावरून?

त्यांनी गॅस बंद केला.

गाठी कापाव्या लागल्या नाहीत, बोटांनीच सुटल्या. कापड टेबलावर उलगडताना बारीक पानं सरकली, काही वळकुटी होऊन एकमेकांना चिकटली. मधे फक्त भर घालायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण कडेची ओळ आता ओळ राहिली नव्हती. ती पुन्हा लावण्याएवढी नजर आणि बोटं त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी तळहाताने सगळी पानं एका बाजूला ओढून घेतली. ओल्या कापडावर सगळंच मळकट दिसत होतं. पाण्याचे डाग असतील, वाफेत निघून जातील.

चप्पल घालून ते गल्लीच्या तोंडाशी गेले. तिथल्या दवाखान्याच्या कुंपणात एक साग आहे. खाली पडलेली तीन कोवळी, रुंद पानं उचलली. झाडाजवळ उभं राहून विचारायचं त्यांना सुचलं नाही. येताना एरंडाचं एक पान घेतलं, बोटं पसरलेल्या हातासारखं. काळ्या पाण्यात बुडवून, निथळवून सागाची पानं मधोमध, एरंड वरच्या बाजूला. छान भरलं. मग त्यांना वाटलं, ह्यात विक्रमचंही काही असायला हवं. बाजूला ओढलेल्या ढिगातली तरवडाची पानं वेचून त्यांनी सागाच्या भोवती पेरली. आता ते त्याचंच होतं, फक्त पुरं केलेलं.

"काय करायलाव?" सावित्रीबाई मागे उभ्या होत्या.

"वाफेला लावायलो."

"त्यासाठी सोडावं लागतंय?"

"सैल बांधलं होतं. नीट उतरलं नसतं."

सावित्रीबाईंनी टेबलावरची सागाची पानं पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याला नक्को सांगू," नामदेवराव म्हणाले.

"मी कशाला सांगू? पण त्यानं विचारलं तर खोटं बोलणार नाही, सांगून ठेवते." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "त्याच्या लग्नाची पत्रिका बी तुम्हीच अशी परत लिहिली होती. आठवतंय? त्यानं लिहिलेली दोनच ओळींची होती."

नामदेवरावांनी कापड गुंडाळलं. सुतळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेढ्याला वेढा लावून ओढून घेतली आणि शेवटचं टोक वेढ्याखालून काढून दाबलं. सिग्नलच्या तारा ते असेच बांधायचे. सगळ्या नोकरीत त्यांची एक गाठ सुटल्याची तक्रार आली नव्हती.

रविवारपर्यंतचे दिवस विक्रम बरा होता. हे लिहायला सोपं आहे. घरात ते पाहायला दोघं म्हातारी माणसं श्वास रोखून बसत होती. तो सकाळी आपणहून चप्पल घालून दारात उभा राहायचा. एकदा तो आईला म्हणाला, वरण आज आंबट झालंय. सावित्रीबाईंनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्त चिंच घातली, तो पुन्हा म्हणतो का पाहायला. तो म्हणाला. गुंडाळी त्याच्या खिडकीत ठेवलेली होती. तो तिला हात लावत नव्हता, पण जाता-येता बघायचा. एकदा नामदेवरावांनी दारातून विचारलं, "काय येईल रे आत?"

"बघू," विक्रम म्हणाला. हौ बापू म्हणाला नाही.

त्या क्षणी सांगून टाकावं असं नामदेवरावांना वाटलं. पण काय सांगायचं, हे त्यांना जुळवता आलं नाही, आणि विक्रम पुस्तकाचं पान उलटत होता. नीट चालू असलेल्या गाडीला कशाला लाल दाखवा, असं म्हणून ते परत फिरले.

रविवारी गच्चीवर चटया पसरल्या होत्या. प्रत्येकाने आपली गुंडाळी पुढ्यात घेतली. नियमाप्रमाणे एकाने सोडायची, बाकीच्यांनी गप्प राहून पाहायचं. पद्मजा गारूंच्या कापडावर गुलाबाची पानं करडी उतरली होती. त्यांनी कापड गालाला लावलं. मग ईशा म्हणाली, "विक्रम?"

विक्रमने गुंडाळी मांडीवर घेतली. आडवी केली. अंगठा सुतळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, वेढ्याला लागून वेढा. वेढ्याखाली दाबलेलं टोक त्याला सापडलं. तिथे अंगठा थांबला.

नामदेवराव समोर बसले होते. त्यांच्या आत्ता लक्षात आलं की त्यांनी पानांचा सगळा विचार केला होता, पण गाठींचा केला नव्हता.

विक्रमने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते टोक नखाने बाहेर काढलं, वेढे एकामागून एक सोडले आणि कापड चटईवर उलगडलं. वाळलेली सागाची पानं उचलून बाजूला ठेवली, एरंडाचं ठेवलं, तरवडाची बारीक पानं झटकली.

"अरे बापरे!" कुणीतरी नियम मोडला.

"चाला बागुंदी," पद्मजा गारू म्हणाल्या. फार छान.

छान होतंच. सागाच्या पानांची शीर न् शीर उतरली होती, जांभळट काळी, जणू पान अजून तिथेच आहे. एरंडाचा पंजा वर पसरला होता, भोवती तरवडाची पानं विखुरली होती. आणि त्या सगळ्याच्या खाली, कापडाच्या चारी कडांनी, पुसट राखाडी रंगाची बारीक पानांची ओळ होती. वाफेत ती निघून गेली नव्हती. ओलं लोखंड हिरड्याला लागलं की लागलं. विक्रमने पान ठेवलं त्याच घडीला त्याची खूण कापडात गेली होती, मग वरून कुणी कितीही हात फिरवो. सगळ्या पानांची टोकं आतल्या बाजूला होती, मधल्या मोकळ्या जागेकडे. कोपऱ्यावर ती अशी वळत होती, की कुठे थांबली आणि कुठे वळली ते सांगता येऊ नये. खालच्या कडेला सागाच्या पानाचा जाड देठ त्या ओळीवर आडवा पडला होता, काळाकुट्ट.

नामदेवरावांना मांडणी आत्ता दिसली. त्या दुपारी दारात उभं राहून त्यांना नुसती पानंच दिसली होती.

ईशा गुडघ्यावर येऊन वाकली. "हे खाली पुसट काय आहे? दोन थर केलेत, विक्रम? आधी एक मांडणी करून ती काढून घेतलीत?"

"हौ," विक्रम म्हणाला.

"कसं सुचलं हे?"

"सुचलं नाही. झालं."

"मला हे डिसेंबरच्या प्रदर्शनात लावायचंय. चालेल?"

"ठेवा."

"म्हणजे तोपर्यंत घरी न्या ना, सगळ्यांना दाखवा."

"घरी नको." त्याने कापडाची नीट चौघडी घातली आणि तिच्या हातात दिली. सुतळीचा गुंडा मात्र खिशात ठेवला.

रिक्षा तारनाक्याच्या चौकात अडकली. ड्रायव्हर पुढच्या बसवाल्याशी दख्खनीत भांडत होता. नामदेवरावांनी दोनदा घसा साफ केला.

"मला वाटलं तू दमलास," ते म्हणाले. "मधलं राहून गेलं."

विक्रम बाहेर पाहत होता.

"मागच्या वेळेला कसं झालं होतं तुला. मी म्हटलं, परत तसं नक्को व्हायला."

"हौ बापू."

"आरे, चिडला असशील तर चीड की. बोल मला. मी काय म्हणणार नाही."

विक्रमने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर नामदेवरावांनी तो हात पसरून घेतला असता. रागाचा मागमूस नव्हता. तिकिटाच्या खिडकीवर माणूस जेवढ्या ओळखीने पाहतो, तेवढ्या ओळखीने तो पाहत होता.

"छान आलंय, बापू," तो म्हणाला. "तुम्ही केलेलं नेहमी छानच येतंय."

रिक्षा सुटली.

नामदेवराव घरी पोचले ते धास्तावूनच. आता तो झोपेल, भिंतीकडे वळेल, असं धरून त्यांनी सावित्रीबाईंना किल्ली सांभाळायला सांगितलं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दारातून हाक मारली, "चलतो का रे फिरायला?" आणि विक्रम उठला. हौ बापू म्हणाला, चप्पल घातली, बरोबर चालला. ढिगातून त्याने काही उचललं नाही. नामदेवरावांनी पिशवी पुढे केली तेव्हा त्याने पिशवी धरली. त्यांनी पान उचलून दिलं, त्याने ते पिशवीत ठेवलं. आंबट वरणावर तो काही बोलला नाही. सावित्रीबाईंनी आणखी चिंच घातली, तोंडात घालवेना इतकी. तो सगळं जेवला.

डॉक्टरीणबाईंना नामदेवरावांनी सगळं खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आता तुम्ही काही करू नका. तो करेल तेव्हा करेल.

काही करायचं नाही, हे काम नामदेवरावांना आजवर कुणी दिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ईशाने सगळ्यांना आणखी एकेक कापड करायला सांगितलं. नामदेवरावांनी ते विक्रमच्या कानावर घातलं आणि तो टेबलाशी येऊन बसला. त्यांनी हिरड्याचं कापड पसरलं. मग त्यांना आठवलं, की पसरायलाही नको होतं. काळ्या पाण्याचं तसराळं विक्रमने पुढे ओढलं. तरवडाच्या डहाळ्या नामदेवरावांनी आदल्या दिवशी लांबून, हबसीगुड्याच्या बाजूने शोधून आणल्या होत्या. आवारातले ढीग कधीच उचलले गेले होते. त्यांनी डहाळ्या ठेवल्या आणि समोरच्या खुर्चीत बसून हात मांड्यांखाली घेतले.

विक्रमने एक पान खुडलं, पाण्यात बुडवलं, निथळवलं. कापडावर हात नेला आणि थांबला.

"हे कुठं ठेवू?"

"तुला वाटेल तिथं."

विक्रमने मान हलवली. पान दोन बोटांत धरून तो बसला. पुढे काही करीना. नामदेवराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले. बाहेरून भाजीवाल्याच्या गाडीवरची रेकॉर्ड ऐकू आली, जवळ आली, लांब गेली. पानाच्या टोकावरून काळं पाणी वर्तमानपत्रावर ठिबकत होतं. नंतर तेही थांबलं. विक्रम कंटाळला नव्हता, रुसलाही नव्हता. तो वाट पाहत होता. सांगितलं नाही तर तो संध्याकाळपर्यंत अशीच वाट पाहील, आणि उद्याही, ह्याबद्दल नामदेवरावांना शंका राहिली नाही.

"तूच ठरव, विक्रम," ते म्हणाले. "कडेनं लावली होतीस ना तू? तसं."

"कोणत्या कडेनं?"

त्यांनी ओठ मिटून घेतले. विक्रमच्या बोटांत पान वाळून वळायला लागलं होतं.

सावित्रीबाई ताटं घेऊन दारात आल्या. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग पोराच्या बापाकडे. "सांगून टाका त्याला," त्या म्हणाल्या. नेहमीची धार त्यांच्या आवाजात नव्हती. "हात दुखून येईल त्याचा."

नामदेवरावांनी मांडीखालून हात काढला आणि कापडाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथं."

विक्रमने पान तिथे ठेवलं, अगदी बोट होतं तिथे. मग दुसरं खुडलं, बुडवलं, निथळवलं आणि वर पाहिलं.

"हौ बापू. आणि हे?"